बायोप्सीचा जास्तीचा तुकडा संशोधनाला द्यावा का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये त्याच्या लघवीत प्रोटीन आणि थोडं रक्त सापडलं. बीपी १५०/९६, क्रिएटिनिन १.६. शुगर नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली. किडनीच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. त्याच दिवशी ओपीडीबाहेर एका मुलीने आम्हाला गाठून सांगितलं की तिथे संशोधन चालू आहे, बायोप्सीच्या वेळी एक जास्तीचा तुकडा आणि सोबत रक्त-लघवी द्याल का? आई म्हणते, किडनीला सुई लागली की ती जातेच. आमच्या चाळीतल्या एका काकांचं बायोप्सीनंतर दोन महिन्यांत डायलिसिस सुरू झालं. मी मात्र वाचलंय की परदेशात हल्ली पेशंटच्या पेशी तपासून त्याच्यापुरतं औषध ठरवतात. तुकडा दिला तर भावाला तसे उपचार मिळतील का? की त्याच्यावर प्रयोग करतील? मी सही करू का? पुढच्या आठवड्यात कळवायचं आहे.
– स. प., भांडुप

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. बायोप्सी करायची का, हा एक. जास्तीचा तुकडा द्यायचा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे : करा, आणि लांबवू नका. दुसऱ्याबद्दल बरंच सांगते, पण ते तुमच्या भावाला वाचायला द्या. पत्रात आई काय म्हणते ते आहे, काकांचं काय झालं ते आहे, तुम्ही काय वाचलंत तेही आहे. भाऊ काय म्हणतो, याची एक ओळ नाही. एकतीस वर्षांचा, धडधाकट बुद्धीचा, कमावता माणूस आहे तो. त्याच्या किडनीसाठी सही तुम्ही करू शकत नाही. कितीही जीव असला तरी नाही.

आता बायोप्सी कशाला, ते. मुंबईत पावसाळ्यात कुणी नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलं तर डॉक्टर गोळ्या लिहून मोकळे होत नाहीत. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो की टायफॉइड हे बघतात, कारण प्रत्येकाचे उपचार वेगळे. ‘किडनी खराब आहे’ हेही तसंच अर्धवट वाक्य आहे. क्रिएटिनिन किडनी किती बिघडली ते सांगतं, कशाने बिघडली ते सांगत नाही. भावाच्या वयात लघवीतून प्रोटीन आणि रक्त दोन्ही जात असेल आणि बीपी वाढलेलं असेल, तर डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा येतो तो आयजीए नेफ्रोपथी हा आजार. किडनीतल्या गाळण्यांच्या, म्हणजे ग्लोमेरुलसच्या आजारांमध्ये जगभर सगळ्यात जास्त आढळणारा हाच. पण तो रक्ताच्या कुठल्याही तपासणीत पक्का कळत नाही. त्यासाठी तुकडाच बघावा लागतो. आणि तोच असेल असंही नाही. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), एफएसजीएस (गाळण्यांमध्ये ठिकठिकाणी व्रण पडतात तो), आनुवंशिक अल्पोर्ट सिंड्रोम असे बरेच उमेदवार रांगेत आहेत.

तुकड्यातून नुसतं नाव कळत नाही. आयजीएसाठी २००९ साली ठरलेली ऑक्सफर्ड पद्धत आहे. तिच्यात पॅथॉलॉजिस्ट ठरावीक खुणांना गुण देतात : सूज कितपत आहे, गाळण्यांमध्ये व्रण किती, नलिकांभोवतीचा भाग किती सुकला. पुढे त्यात आणखी एका खुणेची भर पडली. व्रण जुने आणि पसरलेले असतील तर स्टिरॉइडचा फायदा नगण्य आणि त्रास मात्र पुरेपूर. सूज ताजी असेल तर तेच स्टिरॉइड किडनी वाचवू शकतं. एकाच आजाराच्या दोन माणसांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या मिळतात त्या या तुकड्यामुळे. म्हणजे तुम्ही ज्याला ‘त्याच्यापुरते उपचार’ म्हणता, त्याची सुरुवात साध्या बायोप्सीतच होते. कोपनहेगनच्या इव्हरसन आणि ब्रुन यांनी १९५१ मध्ये सुईने किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून.

आईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. किडनी रक्ताने भरलेला अवयव आहे, सुई टोचली की थोडं रक्त येणारच. २०१२ मध्ये ३४ अभ्यासांमधल्या ९,४७४ बायोप्स्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. डोळ्यांना लाल दिसेल इतकं रक्त लघवीतून गेलं ते शंभरातल्या साडेतीन जणांना. रक्त चढवावं लागलं ते शंभरात एकापेक्षाही थोड्या कमी. किडनी गमवावी लागणं अतिशय दुर्मीळ. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, आणि सुईच्या तुकड्यात त्यातल्या दहा-वीस येतात. एवढ्याने किडनी ‘जात’ नाही, हे आईंना याच आकड्यांत सांगा.

चाळीतल्या काकांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. पण अशा गोष्टी मी ओपीडीत आयुष्यभर ऐकल्या, आणि बहुतेक वेळा क्रम असा असतो : किडनी झपाट्याने बिघडायला लागली म्हणून बायोप्सी झाली, आणि बिघडतच होती म्हणून डायलिसिस लागलं. बायोप्सी मध्ये आली, म्हणून दोष तिच्या माथी. उशिरा केलेल्या बायोप्सीत व्रणांशिवाय काही सापडत नाही, मग डॉक्टरांकडेही करण्यासारखं फार उरत नाही. आपल्याकडे आयजीए बऱ्याचदा पुढच्या टप्प्यावर पोहोचल्यावरच सापडतो, असं वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या नोंदीही सांगतात. तुमचा भाऊ क्रिएटिनिन १.६ असतानाच सापडलाय. नोकरीच्या मेडिकलचे आभार माना.

आता संशोधनाकडे येते. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण त्यातलं किती आज ओपीडीत आहे आणि किती अजून प्रयोगशाळेत, हे वेगळं करून बघायला हवं.

जे खरोखर रुग्णापर्यंत पोहोचलं, त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी नावाचा आजार आहे; लघवीतून इतकं प्रोटीन जातं की पाय सुजतात. बोस्टनच्या बेक, सॅलंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ग्लोमेरुलसमधून प्रथिनं काढली आणि रुग्णांचं रक्त त्यांच्यावर लावून पाहिलं. ३७ पैकी २६ रुग्णांच्या रक्तातली अँटीबॉडी एकाच प्रथिनाला चिकटली : पीएलए२आर. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. आज ती अँटीबॉडी साध्या रक्ततपासणीत बघता येते. ती ठळक असेल आणि बाकीचं चित्र जुळत असेल तर काही रुग्णांना बायोप्सीचीच गरज पडत नाही. तिची पातळी उतरतेय का, यावरून औषध पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, हेही ठरतं. कुणीतरी पूर्वी किडनीचा अंश दिला म्हणून नंतरच्या कित्येकांची सुई टळली.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरातलं आहे. याच आजाराच्या तुकड्यांमध्ये २०२० च्या सुमारास नेल-१ नावाचं आणखी एक प्रथिन सापडलं. भारतातल्या पॅथॉलॉजिस्टनी आपल्याकडच्या बायोप्स्यांवर ते रंगवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की नेल-१ निघालेल्या बऱ्याच रुग्णांनी पारा असलेली पारंपरिक औषधं घेतली होती. पुढे केरळमधल्या डॉक्टरांनी २२ मेम्ब्रेनस रुग्णांची माहिती मांडली : १५ जणांमध्ये नेल-१, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावणारे. आपल्या केईएम रुग्णालयातही एकाच घरातल्या तिघींची किडनी अशाच क्रीमनंतर बिघडल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. अशा रुग्णाला बऱ्याचदा भारी औषध द्यावंच लागत नाही. क्रीम किंवा पुडी बंद करा, बीपीची गोळी चालू ठेवा, वाट बघा. तुकड्यावरचा एक रंग माणसाला स्टिरॉइडपासून वाचवतो. (भाऊ कुणाच्या सांगण्यावरून ‘किडनी साफ करणारी’ भस्मं किंवा काढे घेत असेल तर ते आजच बंद करून डॉक्टरांना सांगा. लाजू नका, ते रागावले तरी सांगा.)

मधुमेही वाचकांसाठी जाता जाता : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०११ मध्ये किडनी बायोप्सी झालेल्या ६२० मधुमेहींचा अभ्यास झाला. त्यातल्या ३७ टक्क्यांनाच निव्वळ मधुमेहाचा किडनीविकार होता. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, किंवा दोन्ही. ही मंडळी शंका आली म्हणून बायोप्सीला पाठवलेली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्या मधुमेहींना लावू नका. पण ‘शुगर आहे ना, मग त्यानेच असणार’ हे वाक्य ऐकलंत तर एक प्रश्न नक्की विचारा.

आता प्रयोगशाळेतलं. अमेरिकेत २०१७ पासून सरकारी पैशातून किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्ट चालू आहे. स्वतःहून तयार झालेल्या रुग्णांच्या बायोप्सीतला जास्तीचा तुकडा घेऊन त्यातली एकेक पेशी कोणती जनुकं चालू ठेवते आणि कोणती बंद, हे तपासलं जातं. त्यातून निरोगी आणि जखमी पेशींचा जो नकाशा तयार झाला तो २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, आणि त्यांची माहिती सर्वांसाठी खुली आहे. नेपच्यून नावाच्या दुसऱ्या गटाने बायोप्सीत एकसारखे दिसणारे एफएसजीएस आणि मिनिमल चेंज (हाही गाळण्यांचाच आजार) यांचे रुग्ण जनुकांच्या हालचालीवरून वेगळे काढले. एका गटात टीएनएफ या दाहक रसायनाचा मार्ग जागा होता, आणि त्यांची किडनी जास्त वेगाने ढासळत होती. हा गट लघवीतल्या दोन प्रथिनांवरून ओळखता येतो असंही दिसलं. त्यांना टीएनएफ रोखणारं औषध द्यावं का, हे अजून तपासाच्या पायरीवर आहे. परळच्या ओपीडीत उद्या कुणी त्यावरून चिठ्ठी लिहून देणार नाही. आणि खरं सांगायचं तर बोस्टनच्या ओपीडीतही नाही.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर : जास्तीचा तुकडा दिल्याने भावाला खास उपचार मिळणार नाहीत. त्याची चिठ्ठी ठरेल ती रिपोर्टसाठी काढलेल्या नेहमीच्या तुकड्यांवरून. संशोधनाचा तुकडा कदाचित काही वर्षं उणे ८० अंशांवर गोठून पडेल, मग शेकडो तुकड्यांबरोबर तपासला जाईल, आणि त्यातून काही निघालंच तर ते बहुधा पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडेल. ‘द्या, तुमचाच फायदा आहे’ असं त्या मुलीने सांगितलं असेल तर तिने चुकीचं सांगितलं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर मी बसते; माहितीपत्रकात असं वाक्य आलं की आम्ही ते काढायला लावतो.

प्रयोगाची भीतीही यात नाही. तुमच्या वर्णनावरून या अभ्यासात कुठलं नवं औषध द्यायचं नाहीये, नमुने घ्यायचेत. उद्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं ठरलं तर त्याचं संमतीपत्र वेगळं असतं, सही पुन्हा घ्यावी लागते. या सहीवर ते करता येत नाही.

मग द्यावा का? माझं मत विचाराल तर, खालच्या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर मी स्वतः दिला असता. किडनीच्या पेशींचा तो नकाशा मुख्यतः अमेरिकेतल्या माणसांच्या तुकड्यांवर उभा आहे. नेल-१ आणि पाऱ्याची जोडी आपल्याला कळली ती आपल्याच लोकांच्या बायोप्स्या आपल्याच डॉक्टरांनी बघितल्या म्हणून. पण हे माझं मत झालं. भाऊ नाही म्हणाला तर तेही तितकंच बरोबर, आणि नकाराचं कारण द्यायची त्याला गरज नाही. नाही म्हटल्याने त्याच्या उपचारात रतीभर फरक पडता कामा नये. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलं आहे.

भावाने काय विचारावं, तर सगळ्यात आधी हे : जास्तीच्या तुकड्यासाठी सुई आणखी एकदा टोचणार, की काढलेल्या तुकड्यातलाच उरलेला भाग घेणार? बाकी सगळं यानंतर. प्रत्येक टोचणीबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. ती त्याला मान्य असेल तर ठीक, पण ती त्याला माहीत हवी. आणि आधी रिपोर्टचे तुकडे पुरेसे आलेत याची खात्री, मग संशोधनाचा, हा क्रम ठरलेला हवा. साध्या मायक्रोस्कोपसाठी, इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (तुकड्यात कोणत्या अँटीबॉडी साचल्यात ते चमकत्या रंगाने बघतात त्यासाठी) आणि लागलाच तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी तुकडे वेगवेगळ्या द्रावणात जातात. त्यात कमी पडलं तर रिपोर्ट अर्धवट येतो आणि पुन्हा टोचण्याची वेळ येते. सुई चालवणाऱ्या डॉक्टरांनाच हे विचारा, फॉर्म घेऊन आलेल्या मुलीला नाही.

दुसरं, नमुना कशाकशासाठी वापरणार. फक्त या अभ्यासाला, की पुढच्या कुठल्याही? बऱ्याच संमतीपत्रांत यासाठी वेगवेगळे चौकोन असतात. एकाला हो, दुसऱ्याला नाही म्हणता येतं, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. नमुना परदेशी जाणार का, खासगी कंपनीला मिळणार का, त्यावर नाव असेल की नुसता कोड, हेही त्यातच येतं. परदेशी भागीदारी असेल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते. ती आहे का, असं विचारलं तर कुणी रागावू नये. मन बदललं तर माघार कशी घ्यायची, तोवर न वापरलेला नमुना नष्ट करतात का, हे लिहिलेलं हवं. संशोधनाच्या तपासण्यांचा एक रुपयाही भावाच्या बिलात येता कामा नये. जास्तीच्या टोचणीमुळे काही झालं तर खर्च कोण करणार, तेही कागदावर हवं. माहितीपत्रक मराठीत मागा, एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्यावर आहे का बघा, आणि ते घरी आणा. ‘इथेच सही करा, उशीर होतोय’ असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावरूनही नाही म्हणायला हरकत नाही.

जनुकांची तपासणी होणार असेल तर एका गोष्टीत मात्र तुम्हीही येता. अल्पोर्टसारखा आनुवंशिक आजार निघाला तर ती माहिती एकट्या भावाची राहत नाही. तुमची आणि तुमच्या मुलांचीही होते. अशी गोष्ट सापडली तर त्याला कळवणार का, हे त्याने आधीच विचारावं, आणि कळलेलं तुम्हाला ऐकायचंय का हे तुम्ही दोघांनी बोलून ठेवावं.

सगळं लक्ष या नव्या गोष्टींकडे लागलं की जुन्या राहून जातात, म्हणून तेही लिहिते. रिपोर्ट काहीही आला तरी त्याची किडनी वाचवण्यातला मोठा वाटा बीपीचा असणार. प्रोटीन कमी करणारी बीपीची गोळी, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर डापाग्लिफ्लोझिन. ही मधुमेहाची म्हणून आलेली गोळी शुगर नसलेल्यांच्या किडनीलाही वाचवते, हे २०२० मध्ये ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. त्यात आयजीएचे रुग्णही होते. भारतात त्याच वर्षीपासून तिची जेनेरिक मिळू लागली, त्यामुळे खिशाला झेपते. पेशीन् पेशी न तपासता बहुतेकांना लागू पडणारी औषधंही असतात, आणि ती रोज घ्यावी लागतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत : लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी आणि वडापावची ती लाल चटणी, सगळं धरून. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत.

बायोप्सीआधी रक्त पातळ करणारं काही चालू असेल, अगदी कुणी दिलेली अ‍ॅस्पिरिनही, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा. बीपी १५० च्या वर असताना बहुतेक डॉक्टर सुई घालत नाहीत. आधी ते आटोक्यात आणतील, त्यात दिवस गेले तर घाबरू नका. नंतर काही तास सपाट झोपावं लागतं, बऱ्याच ठिकाणी रात्रभर ठेवून घेतात. परत जाताना भांडुपच्या स्लो लोकलमध्ये लोंबकळत जाऊ नका, टॅक्सी करा. पुढचे दोन आठवडे जड उचलणं, जिम आणि खड्ड्यांतून बाइक बंद. लघवी लाल झाली, कमरेत कळ वाढत गेली किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जायचं.

आणि तुम्ही व आई, दोघींनी एकदा लघवीची साधी तपासणी करून घ्या, बीपी मोजून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात होतं. भावाच्या बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत तुमचे रिपोर्ट हातात असले तर डॉक्टरांना त्याचाही उपयोग होईल.